पेटी उघडायला चौघं लागतात: वर्गात एस्केप गेम कसा रचावा

माझ्या पहिल्या खेळात पेटी बाविसाव्या मिनिटाला उघडली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, मी खूश होऊन घरी आले. रात्री कार्डं आवरताना एका गटाचं चौथं कार्ड हाती लागलं. त्याची घडी मी घातली होती तशीच होती. ते कोणी उघडलंच नव्हतं. ज्या मुलीकडे ते होतं, ती बावीस मिनिटं घडी मुठीत धरून बसली होती आणि तिच्या गटाचं काहीही अडलं नव्हतं.

दोष तिचा नव्हता, गटातल्या चुणचुणीत मुलाचाही नव्हता. त्या कार्डावरचं सालच मी हौसेने भिंतीवर लावलेल्या कालरेषेतही होतं. त्याने मान वर केली, साल वाचलं, कुलूप उघडलं. गटात चार डोकी होती आणि खेळ एकट्याचा झाला. बाकीचे आयत्या बिळावर नागोबा झाले ते माझ्यामुळे. पुढचं सगळं त्या न उघडलेल्या घडीतून शिकलेलं आहे.

मी बडोद्यात एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते आणि रविवारी सकाळी दांडिया बाजारात सोळा मुलांचा मराठी वर्ग घेते. खालचा खेळ त्या रविवारच्या वर्गासाठी रचलेला आहे. मोठ्या वर्गासाठी काय बदलायचं, ते शेवटाकडे येईल.

एस्केप गेम म्हणजे ठरलेल्या वेळात कोडी सोडवत कुलपं उघडायची आणि ‘सुटायचं’. खोलीत खेळायचा हा प्रकार २००७ मध्ये जपानमधल्या क्योटोत ताकाओ काटो यांनी सुरू केला आणि तिथून जगभर पसरला. शाळेत मात्र खोली बंद करायची नाही. दाराला कडी नाही, अडसर नाही, ‘नुसतं गमतीत’ सुद्धा नाही. २०१९ च्या जानेवारीत पोलंडमधल्या कोशालिन गावी अशाच एका खेळघराला आग लागली आणि पंधरा वर्षांच्या पाच मुली आतच राहिल्या. आपण पेटीला कुलूप घालू, मुलांना नाही.

आधी शेवट ठरवा

बहुतेक जण कुलपं आणायला धावतात. मीही मंगळबाजारात आधी कुलपंच घेतली होती. त्याऐवजी कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: खेळ संपल्यावर मुलाला काय यायला हवं, जे आत्ता येत नाही? माझं वाक्य असं होतं: ‘दर्शक वापरून आम्ल, आम्लारी आणि उदासीन पदार्थ वेगळे करता येतील, आणि कोणता दर्शक आधी वापरायचा हे सांगता येईल.’ दर्शक म्हणजे रंग बदलून पदार्थ कुठल्या जातीचा ते दाखवणारी वस्तू, जशी हळद. शाळेत मुलं ॲसिड आणि बेझ म्हणतात. रविवारी त्यांच्या कानावर आम्ल-आम्लारी पडावं, हा माझा छुपा हेतू.

मग प्रत्येक कोड्याला एक प्रश्न विचारायचा. धडा न येणारं पण चलाख मूल हे सोडवू शकेल का? सोडवू शकत असेल तर ते कोडं करमणुकीचं आहे. एखादं असू द्या, पण त्याला शिकवणं म्हणू नका. शब्दकोडं, उलटी अक्षरं, आरशातलं लिखाण याच जातीचं.

माहिती फाडून वाटा

सगळ्या खेळाचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे जास्त वेळ घालवा.

मॅक्स रिंगलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ मध्ये छापलेली त्याची मोजमापं सांगतात, की माणसं वाढतात तसा दरडोई जोर कमी होतो. वर्गातही तेच. ‘गटात करा’ म्हटल्याने गट होत नाही. उलटी युक्ती एलियट ॲरॉनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये केली. शाळांमधली वर्णभेदाची भिंत नुकतीच पडली होती आणि मुलं एकमेकांच्या उरावर बसत होती. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येकाला एकच तुकडा दिला. आता शेजाऱ्याचं ऐकल्याशिवाय कोणाचाच धडा पुरा होईना.

एस्केप गेमला हे चपखल बसतं. माझा नियम असा: चौघांना चार कार्डं. कार्ड दाखवायचं नाही, हातातून सोडायचं नाही, फक्त वाचून किंवा सांगून दाखवायचं. एवढ्या एका नियमाने खेळ बदलतो. हुशार मुलाला कार्ड हिसकावता येत नाही, विचारावं लागतं. अबोल मुलीला निदान एक वाक्य बोलावंच लागतं.

कोडं तयार झालं की एकेक कार्ड बाजूला काढून उरलेल्या तिघांवर ते सुटतं का पाहा. सुटलं, तर ते चौथं कार्ड शोभेचं आहे. आणि खेळाच्या दिवशी भिंती रिकाम्या ठेवा!

तीन कोडी, जशी मी केली तशी

गोष्ट बडोद्याचीच घेतली. सयाजीराव महाराजांच्या काळात गावोगावी पुस्तकांच्या पेट्या जायच्या, फिरती ग्रंथालयं. अशीच एक पेटी कुलूपबंद अवस्थेत सापडली आहे आणि आकडे हरवले आहेत, अशी सुरुवात केली. गोष्ट तीन-चार वाक्यांची पुरे. भुतं, चोर, बॉम्ब नकोत, त्यात पाच मिनिटं जातात आणि धडा बाजूला पडतो.

पहिलं कोडं सोपंच ठेवलं, कारण त्याचं काम फक्त मुलांना बोलतं करण्याचं. चार कार्डांवर चार नोंदी. एक: १८७५, बारा वर्षांचे सयाजीराव गादीवर आले. दोन: १८९३, अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग. तीन: १९०६, तीच सक्ती सबंध राज्यात. चार: १९१०, ग्रंथालयांची घडी बसवायला अमेरिकेहून विल्यम बॉर्डन बडोद्यात आले. टेबलावर प्रश्न: ‘प्रयोग राज्यभर व्हायला किती वर्षं लागली? आणि गादीपासून ग्रंथालयांपर्यंत किती?’ तेरा आणि पस्तीस. कुलूप १३३५. चारांतलं एकही कार्ड वगळता येत नाही.

ते कुलूप असलेल्या पाउचमध्ये दुसऱ्या कोड्याचं सामान. हे कोडं माझं लाडकं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तीन छोट्या बाटल्या, तिन्हींत पाण्यासारखं दिसणारं काहीतरी. बाटल्यांवर फक्त आकडे: ७, २ आणि ५. एकीत लिंबूसत्त्व घातलेलं पाणी, एकीत मिठाचं, एकीत खाण्याच्या सोड्याचं. लिंबाचा रस वापरू नका, वासावरून लगेच ओळखतात. लिंबूसत्त्वाला वास नसतो. आमच्याकडे वाण्याकडे ‘लिंबुना फूल’ म्हटलं की मिळतं. साबणाचं पाणीही नको, फेसच चहाडी करतो. मिठाचं पाणी थोडं गढूळ दिसतं, म्हणून रात्रभर ठेवून वरचं निवळ घ्यायचं.

सोबत हळदीच्या तीन पट्ट्या: टिपकागदावर हळदीचा पातळ लेप देऊन वाळवलेल्या. आणि इवल्याशा कुपीत जास्वंदीचं पाणी, फक्त एका चाचणीपुरतं. हे पाणी लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून त्याच सकाळी करायचं, शिळं झालं की रंग दगा देतो.

आता कार्डं. पहिल्याला कळतं, की हळद आम्लारीत लाल होते आणि बाकी कशातही पिवळीच राहते. दुसऱ्याला कळतं, की जास्वंद आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवट आणि उदासीनात आहे तशी राहते. तिसऱ्याकडे कुलपाचा क्रम: आम्ल, उदासीन, आम्लारी. चौथ्याला काहीच माहीत नाही, पण बाटल्यांना हात फक्त त्यानेच लावायचा.

गंमत कुठे आहे पाहा. हळदीने आम्लारी सापडते, पण उरलेल्या दोन बाटल्या तिच्या लेखी सारख्याच. जास्वंद तिन्ही ओळखते, पण ती एकदाच वापरता येते. आधी हळद, मग उरलेल्या दोहोंपैकी एकीत जास्वंद, असं केलं तर उत्तर नक्की. घाईत जास्वंद आधी वापरली आणि ती नेमकी सोड्यात पडली, तर गट अडकला: सोडा कळला, पण आम्ल कुठलं आणि मीठ कुठलं हे सांगणारं काही उरलं नाही. नव्या कुपीची किंमत तीन मिनिटं.

एका गटात हेच झालं. हिरवा रंग आला, चौघं आनंदाने ओरडले, आणि मग हळूहळू गप्प झाले. एकजण म्हणाला, “ताई, अजून एक थेंब द्या ना.” पहिलं कार्ड असलेली मुलगी पुटपुटली, “हे तर माझी हळदपण सांगणार होती.” सबंध धड्यात मला जे सांगायचं होतं ते तिने सहा शब्दांत सांगून टाकलं. मी पाठीमागे हात बांधून उभी राहिले. (खरंच बांधून. नाहीतर हात पुढे जातोच.)

कुलूप ७२५. एक सूचना: सगळं स्वयंपाकघरातलं असलं तरी चाखायचं नाही, हे आधीच बजावा. प्रयोगातलं काही तोंडात घालायचं नाही, ही सवय इथेच लावायची.

तिसरं कोडं नकाशाचं, त्याला कुलूपच नाही. टेबलावर चार बंद पाकिटं: लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट, म्हणजे जुन्या शहराचे चार दरवाजे. कार्डांवरून कळतं, की मांडवी मधोमध आहे, पाणीगेट पूर्वेला, लहेरीपुरा त्याच्या समोर, चांपानेर उत्तरेला आणि गेंडीगेट दक्षिणेला. चौथ्या कार्डावर: ‘पाणीगेटातून आत आलेला माणूस मांडवीत पोहोचून उजवीकडे वळला.’ निम्मी मुलं गेंडीगेट म्हणतात, कारण ती मनात पूर्वेकडे तोंड करून उभी असतात. पण पूर्वेच्या दरवाजातून आत येणाऱ्याचं तोंड पश्चिमेला असतं. उजवा हात उत्तरेला, म्हणून चांपानेर. मुलं उठून वर्गात वळून पाहतात, ते दृश्य बघण्यासारखं असतं. रोज ज्या दरवाजाखालून रिक्षा जाते, त्याची दिशा पोरांना पहिल्यांदा कळते. चुकीच्या पाकिटात ‘दोन मिनिटं थांबा’ एवढंच. बरोबर पाकिटात एक आकडा.

चार गटांचे चार आकडे जमले की मोठी पेटी उघडते. एक गट मागे राहिला तर कोणाचीच उघडत नाही. गटागटांत शर्यत लावायची नाही, यावर मी ठाम आहे. शर्यत लागली की मुलं धडा सोडून घड्याळ पाहतात आणि मागे पडलेला गट दहा मिनिटांत हातपाय गाळतो. सामाईक पेटी असली, की आधी सुटलेला गट आपणहून दुसऱ्याच्या टेबलाशी जातो. तेव्हा नियम एकच: उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचा.

कुलपं आणि त्यांची दुखणी

आमच्या मुलांच्या तोंडी कुलूप येत नाही, ‘ताळुं’ येतं. तर आकडी ताळुं घेताना आकडा बदलता येणारं घ्या, म्हणजे पुढच्या खेळाला चालतं. महागड्या पेट्या नकोत. दोन रनर असलेला झिपचा पाउच घ्या आणि दोन्ही रनरच्या भोकांतून बॅगेचं छोटं कुलूप घाला, झाली तिजोरी. मोठ्या पेटीला माझ्याकडे माळ्यावरचा कडी-कोयंड्याचा पत्र्याचा डबा आहे.

कुलूप उघडं असताना मुलं चाकं फिरवतात आणि काही कुलपांत त्याने आकडाच बदलून बसतो. माझं एक कुलूप असंच कायमचं गेलं. उघडलेलं कुलूप लगेच आपल्या खिशात टाकायचं, हा इलाज. आकडे वहीत लिहून ठेवा, आणि पाउच कापायची वेळ आलीच तर कात्री जवळ असू द्या.

दुसरं दुखणं जास्त गमतीचं. तीन आकडी कुलपाला ०००पासून ९९९पर्यंत हजारच शक्यता. दोन सेकंदाला एक धरली तरी तेहतीस-चौतीस मिनिटांत सगळ्या संपतात, आणि नशीब बरं असलं तर त्याच्या निम्म्यात. एक शांत मुलगा मागे बसून हेच करत होता. मी पाहिलं तेव्हा तो ३१४वर होता. त्याच्या चिकाटीचं कौतुक केलं आणि नियम केला: तीन चुकीचे प्रयत्न झाले की दोन मिनिटं कुलपाला हात नाही.

रंगीत तालीम

घरातल्या कोणावर तरी खेळ करून पाहा, पण रचताना मदत केलेल्यावर नको. बाटल्यांचं कोडं मला सहा मिनिटांचं वाटलं होतं, मुलांना सतरा लागली. आपल्याला लागतो त्याच्या तिप्पट वेळ धरलेला बरा. तालमीत रंगही तपासा. खाण्याच्या सोड्याने हळद साबणाइतकी लालभडक होत नाही, म्हणून सोडा विरघळेल तेवढा घाला आणि पट्टी उजेडात बघा.

खेळाच्या दिवशी

पस्तीस मिनिटांच्या एका तासात हे बसत नाही. जोडतास मागून घ्या. पाच मिनिटं नियम, तीस-पस्तीस मिनिटं खेळ, आणि उरलेला वेळ बोलण्यासाठी राखून ठेवा. खेळ लांबला तर खेळ थांबवा, पण बोलणं कापू नका.

गट तुम्हीच पाडा. मैत्रिणी-मैत्रिणींचा गट छान चालतो, पण तिथे कोण बोलणार हे आधीच ठरलेलं असतं. चौघांचा गट उत्तम, पाच चालतात, सहा झाले की दोघे खिडकीबाहेर बघतात. मुलं चाराने भागली जात नसतील, तर पाचव्याला वेळ आणि मदतीच्या बटणांचा हिशेब द्या.

बटणं म्हणजे शर्टाची जुनी बटणं, गटाला तीन. एक बटण दिलं की एक इशारा. पण ते चौघांच्या संमतीनेच द्यायचं, आणि इशारा मागताना आत्तापर्यंत काय काय करून पाहिलं ते सांगायचं. निम्म्या वेळा हे सांगता सांगताच उत्तर सापडतं आणि बटण परत खिशात जातं. इशारे आधीच लिहून ठेवा, तीन पायऱ्यांत: कुठे बघायचं, कोणाचं कार्ड विसरलात, आणि शेवटी पद्धत. आयत्या वेळी तोंडी दिलेला इशारा नेहमी जास्त सांगून जातो.

खेळ चालू असताना मी एका पाठकोऱ्या कागदावर फक्त कोण किती वेळा बोललं याच्या रेघा मारते. गुण देण्यासाठी नाही, पुढच्या वेळी गट पाडण्यासाठी. खेळाला गुण देऊच नयेत असं माझं मत आहे.

पेटी उघडल्यानंतर

इथे मुलं आरडाओरडा करत असतात आणि आपणही दमलेले असतो. नेमकी हीच वेळ शिकवण्याची. गोल करून बसवा आणि खेळाबद्दल ‘मजा आली का’ हे विचारू नका, त्याचं उत्तर दिसतंच आहे. मी हे विचारते: जास्वंद आधी वापरूनही एका गटाचं निभावलं, ते कसं? त्या गटाची जास्वंद योगायोगाने लिंबूसत्त्वात पडली होती. हा प्रश्न आला, की नशिबाने सुटणं आणि समजून सोडवणं यातला फरक मुलं आपसांत वाद घालून काढतात. मग: कुठल्या क्षणी तुम्ही अडलात आणि कोणाच्या वाक्याने सुटलात? वाक्य कोणाचं ते नाव घेऊन सांगायचं. रविवारच्या वर्गात एकदा ज्या मुलीचं नाव आलं, ती कार्ड मुठीत धरून बसणारीच होती. ती लाजून खाली बघत होती, पण पुढच्या रविवारी पहिल्या रांगेत होती.

शेवटी प्रत्येकाला चिठ्ठी, एकट्याने लिहायची. तीन प्रश्न, पैकी एक नवा: ‘चार बाटल्या असत्या आणि दोघींत आम्ल असतं, तर जास्वंदीच्या किती चाचण्या लागल्या असत्या?’ गटाने काय शिकलं ते पेटी सांगते. कोण काय शिकलं ते चिठ्ठीच सांगते.

पेटीत चॉकलेटं ठेवाविशी वाटतात, ठेवा थोडी. मी पुस्तकं ठेवते आणि एक नोंदवही. ज्याला हवं त्याने नाव लिहून पुस्तक घरी न्यायचं. गोष्ट फिरत्या ग्रंथालयाची होती, तर पेटीने ते काम करावं.

अठ्ठेचाळीस मुलं असतील तर

बारा गटांना पाउच आणि कुलपं परवडत नाहीत. कुलपाची गरजही नाही. गटाने उत्तर चिठ्ठीवर लिहून आणायचं, उत्तरपत्रक घेऊन बसलेले दोन ‘कुलूपवाले’ ते ताडून पुढचं पाकीट देतात. कुलूपवाले म्हणून दुसऱ्या तुकडीची मुलं बोलवा, आपल्याच वर्गातली बसवलीत तर ती खेळाला मुकतात. प्रत्येक गटाच्या शेवटच्या पाकिटात एक शब्द, बारा शब्द मिळून एक वाक्य, आणि ते वाक्य सांगतं की पत्र्याच्या डब्याची चावी कुठे आहे. बाटल्यांचे बारा संच करणं कष्टाचं आहे, पण औषधाच्या रिकाम्या छोट्या बाटल्या पालकांकडून मागवल्या तर आठवड्यात जमतात. उकळत्या पाण्याने धुऊन, लेबलं काढून घ्या.

दुसऱ्या तुकडीवर तोच खेळ करायचा असेल तर लक्षात घ्या, उत्तरं मधल्या सुट्टीतच तिकडे पोहोचलेली असतात. बाटल्यांवरचे आकडे बदलणं सोपं आहे. दरवाजांच्या कोड्यात माणसाला लहेरीपुऱ्यातून आत आणा, मग उजवीकडे गेंडीगेट येतं. सालांच्या कोड्यात प्रश्न फिरवा: गादीपासून अमरेलीपर्यंत किती, आणि राज्यभर सक्ती झाल्यापासून बॉर्डन येईपर्यंत किती? अठरा आणि चार. चार आकडी कुलपाला १८०४ लावायचं आणि शून्य कुठून आलं यावर एक इशारा आधीच लिहून ठेवायचा, कारण तिथे प्रत्येक गट अडतो.